मदत हवी आहे: प्रवासात आवडलेली खोली घरी आणायची कशी?

नमस्कार मंडळी,

दीड महिन्यात घराचं काम सुरू होतंय आणि मी एका ठिकाणी अडकले आहे. प्रवासात बघितलेल्या घरांवरून आपलं घर सजवायचं, हे माझं जुनं वेड. कुठेही गेले तरी खिडक्या, जिने, फरशा बघण्यात माझा निम्मा वेळ जातो. फोनमध्ये अशा फोटोंचा ढीग साठलाय. पण त्यावरून घरी केलेल्या दोन गोष्टी सपशेल फसल्या, आणि का फसल्या ते नीट कळल्याशिवाय तिसरीला हात घालायची हिंमत होत नाही.

पहिली रंगाची. मोरोक्कोतल्या माराकेशची माजोरेल बाग बघितली. झाक माजोरेल या फ्रेंच चित्रकाराने 1937 मध्ये तिथल्या आपल्या स्टुडिओला दिलेला गडद निळा आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्या भिंतीसमोरून माझा पाय निघेना. घरी येऊन फोटो दाखवला, तोच निळा तयार करून घेतला आणि पलंगामागची भिंत रंगवली. तिथे तो झळाळत होता. इथे भरदुपारीसुद्धा भिंत शाईत बुडवल्यासारखी दिसते. सकाळी डोळे उघडले की खोली अंगावर येते.

दुसरी दिव्याची. तिथे आम्ही एका रियाधमध्ये उतरलो होतो. रियाध म्हणजे मधे चौक आणि भोवती खोल्या असलेलं जुन्या पद्धतीचं घर. आमच्या खोलीला रस्त्याकडे एकही खिडकी नव्हती, तरी इतकी शांत झोप मला क्वचितच लागली असेल. पलंगाशेजारी छिद्रांचा पितळी दिवा होता, संध्याकाळी त्याची नक्षी भिंतभर पसरायची. तसाच एक दिवा कपड्यांत गुंडाळून जपून आणला. घरी लावला तर नक्षी दिसेचना. कारण कळायला मला आठवडा लागला: तिथली भिंत कोरी होती. ताडेलाक्त म्हणतात तो चुन्याचा गिलावा, दगडाने घोटून आणि साबण चोळून गुळगुळीत केलेला. त्यावर साधा खिळासुद्धा नव्हता. माझ्या भिंतीवर सहा फ्रेम आणि वर पांढरी ट्यूब. म्हणजे मी दिवा आणला, पण भिंत आणि अंधार तिथेच राहिले.

काम सुरू व्हायच्या आधी स्पेनमधल्या ग्रानादाला जायचं आहे, तिथला अल्हाम्ब्रा हा जुना राजवाडा बघायचाच आहे. या वेळी नुसते फोटो घेऊन परतायचं नाही. रंग घरच्या उजेडात कसा दिसेल याचा अंदाज तिथल्या तिथे येतो का? एखादी खोली आवडली तर नेमकं काय टिपून ठेवता? आणि राजवाड्यातलं काही साध्या फ्लॅटमध्ये खरंच वापरता येतं का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद
झोपायच्या खोलीची खिडकी कोणत्या दिशेला आहे?

धागाकर्ती
उत्तरेला. समोर इमारत आहे, पण आकाश दिसतं.

प्रतिसाद
मग तुमच्या निळ्याचं कोडं सुटलं. आपल्या गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून बहुतेक वर्षभर थेट ऊन येतच नाही, येतो तो आकाशाचा निळसर, थंड उजेड. त्यात गडद रंग फारसा उजेड परत फेकत नाही. माजोरेलला तो रंग बाहेरच्या भिंतीवर आहे, डोक्यावर वाळवंटाजवळचं ऊन आणि शेजारी पिवळ्या कुंड्या, हिरवी झाडं. पिवळ्याशेजारी निळा आणखी पेटतो. शिवाय फोनचा कॅमेरा व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांचा उबदार-थंडपणा, स्वतःच बदलतो, त्यामुळे फोटोवरून रंग जुळवणं मुळातच धोक्याचं. फोटोच्या कडेला एक पांढरा कागद धरत जा, निदान फोटो किती भरकटलाय ते नंतर कळतं. आणि भिंत रंगवण्याआधी मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, तो पुठ्ठा चार दिवस खोलीत फिरवा. सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर बघा.

प्रतिसाद
मी फोटोआधी बसते. आवडलेल्या खोलीत दहा मिनिटं नुसतं बसायचं, फोन पिशवीत. मग टेप काढायची. खिडकीचा कठडा जमिनीपासून किती वर, बैठकीची उंची किती, पडदा छतापासून सोडलाय की चौकटीपासून, दिवा बसल्यावर डोळ्यांच्या वर येतो की खाली. टेप नसेल तर वीत आहेच, आपली वीत किती इंच ते एकदा मोजून ठेवा. त्यानंतर अगदी कंटाळवाणे फोटो: दारातून पूर्ण खोली, चारही कोपरे, छत. घरी आल्यावर हेच उपयोगी पडतात, फुलदाणीचे नाही.

अल्हाम्ब्राबद्दल. नक्षी उचलायला जाऊ नका, फ्लॅटमध्ये ती गुदमरते. भिंतीची विभागणी बघा. खाली साधारण कमरेपर्यंत टाइल, वर कोरीव गिलावा, त्याच्या वर लाकडी छत. जिथे पाठ टेकते, हात लागतो तिथे कणखर आणि पुसता येईल असं, आणि वर नाजूक. आमच्या अरुंद पॅसेजमध्ये मी हेच केलं: खाली तीन फूट धुता येणारा गडद रंग, वर फिकट. मुलांच्या हातांचे डाग आता खालीच राहतात. आणि अल्हाम्ब्रातल्याच लिंदाराहाच्या सज्जाच्या खिडक्या वाकून बघा. त्या खूप खाली आहेत, कारण तिथे लोक जमिनीवर बसून बाहेर बघत. उभ्याने बघितलं तर त्या खोलीतलं अर्धं हाती लागत नाही.

प्रतिसाद
उत्तरेच्या खोलीसाठी एक सुचवतो. मेक्सिको सिटीत लुईस बारागान या वास्तुविशारदाचं 1948 चं स्वतःचं घर आहे. जिन्याच्या वळणावर सोनेरी मुलाम्याचा एक मोठा चौकोन लावलाय. वरून येणारा उजेड त्यावर पडतो आणि उबदार होऊन खाली उतरतो. खिडकीसमोरच्या भिंतीवर पिवळसर किंवा सोनेरी असं काही लावून बघा.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. पुठ्ठ्याचा प्रयोग तीन दिवस केला. तोच निळा पलंगामागे मेलेला, पण खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर, हातभर अंतरावर, सकाळी दहाच्या सुमारास जिवंत होतो. तिथे उघडं पुस्तकांचं कपाट आहे. त्याची फक्त मागची फळी निळी करायची आणि पलंगामागे फिकट मातकट रंग द्यायचा, असं ठरवलंय. पाच फ्रेमही उतरवल्या. ट्यूब बंद करून काल पितळी दिवा लावला, त्यात 2700 केल्विनचा पिवळसर बल्ब. नक्षी दिसली, पण खूप पुसट. दिवा भिंतीच्या जवळ आणायचा की बल्ब बदलायचा? दुधी काचेचा आहे, पारदर्शक घेतला तर नक्षीच्या कडा ठळक होतील का? कोणी करून बघितलं असेल तर सांगा. टेप सामानात भरली आहे.