मम्मींना अंघोळ घालायला माझा हात पुढे होत नाही

पिंपरीची_सून

जय ख्रिस्त. माझं माहेर श्रीरामपूर, सासर नगर. आम्ही दोघं पिंपरीत राहतो.

तीन वर्षांपूर्वी दुसऱ्यांदा माझं बाळ राहिलं नाही. दवाखान्यातून घरी आले त्याच संध्याकाळी सासूबाईंनी (आम्ही मम्मी म्हणतो) सगळ्यांना प्रार्थनेला बसवलं. गीत झालं, वचन झालं. मग डोळे मिटून त्या मोठ्याने म्हणाल्या, "प्रभू, या मुलीचं काय पाप आहे ते उघड कर. तिच्यापायी माझ्या घराला शिक्षा नको." दीर, जाऊ, शेजारच्या आंटी, सगळे आमेन म्हणाले. हेही म्हणाले. माझ्या अंगावरून जात होतं. मी उठले आणि सगळ्यांना चहा ठेवला.

भांडण असतं तर उलट बोलले असते. प्रार्थनेला उलट कसं बोलायचं?

दोन महिन्यांपूर्वी मम्मी ओट्यावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता आमच्याकडे आहेत. वॉकर धरून चार पावलं टाकतात. अंघोळ मी घालायची. पाणी काढते, साबण हातात घेते, आणि पाठीला हात लावणार तेवढ्यात ते आमेन ऐकू येतं. बायबलात मत्तय ५ मध्ये अर्पण वेदीपाशी ठेव, आधी समेट कर असं आहे, म्हणून मागच्या दोन्ही वेळा मी चर्चमध्ये प्रभुभोजन (प्रभूच्या मेजावरची भाकर आणि द्राक्षरस) घेतलं नाही. काय करू?

जुना_पिंपळ

ताई, रूथ आठवा. सासूला सोडून गेली नाही, म्हणून तिच्या वंशात दावीद राजा आला. म्हातारं माणूस आहे, सोसा. प्रभू फळ देईल.

निवृत्त_सिस्टर

भाऊ, तुमच्या मनात वाईट नाही हे कळतं, पण रूथचा दाखला सुनेच्या डोक्यात घालायला दिलेला नाही. तिच्या सासूने, नामीने, स्वतः दोन्ही सुनांना सांगितलं होतं, आपापल्या आईच्या घरी परत जा, आणि त्यांना आशीर्वाद दिला होता. अर्पा परत गेली, तिला शास्त्रात कुणी शिव्या दिलेल्या नाहीत. रूथ राहिली ती आपल्या मनाने. आणि सोसण्याचंच म्हणाल तर पंडिता रमाबाईंनी विधवांना सोसत बसा असं सांगितलं नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढून त्यांच्यासाठी दार उघडलं.

बाळ, आता तुला. मत्तय ५ पुन्हा वाच. तिथे लिहिलंय, तुझ्या भावाच्या मनात *तुझ्याविरुद्ध* काही आहे असं आठवलं तर. म्हणजे वेदीपासून उठायचं ते दुखावणाऱ्याने. तू दुखावलेली आहेस. तू कशाला उपाशी उठतेस त्या मेजावरून?

त्या प्रार्थनेचं उत्तर तर प्रभूने कधीच दिलंय. जन्मांधाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं? प्रभू म्हणाला, याचंही नाही, याच्या आईबापांचंही नाही. ईयोबाच्या मित्रांनीही तेच केलं होतं, मुलं गेलेल्या माणसापुढे बसून त्याचं पाप शोधलं. शेवटी देवाचा राग भडकला तो त्या मित्रांवर.

मी तेहतीस वर्षं वॉर्डात काढली. माणसं चिडून क्रूर होतात ते लवकर निवतं. आपण देवाचं काम करतोय असं वाटून जो क्रूर होतो, त्याला आपल्या हातून काय झालं हे कळतच नाही. योसेफाचे भाऊ त्याला खड्ड्यात टाकून भाकरी खायला बसले. तो कळवळून विनवत होता हे आपल्याला कळतं कितीतरी वर्षांनी, मिसरात, त्यांच्याच तोंडून. आणि तिथे भाऊ समोर आले तेव्हा योसेफानेही पाहताक्षणी गळ्यात मिठी मारली नाही. बाजूला जाऊन रडला, पारखून घेतलं, मग ओळख दिली.

अंघोळीला सकाळी तासाभरासाठी एक बाई लाव. ऑपरेशन केलेल्या पायावर भार किती द्यायचा, हे तिला डॉक्टरांकडून विचारून सांग. ती मम्मींची हेळसांड होत नाही. आणि नवऱ्याशी बोल. मला तर मम्मींपेक्षा त्याचं आमेन जास्त खुपलं.

पिंपरीची_सून

सिस्टर, तुमचं उत्तर यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला हे उठून गॅलरीत गेले. रात्री म्हणाले, "मला तेव्हा वाटलं, मम्मी तुझ्यासाठीच मागतेय."

सोमवारपासून एक ताई येतात. काल त्या गेल्यावर मी मम्मींना विचारलं, ती प्रार्थना आठवते का. म्हणाल्या, नाही. मग मी शब्दन् शब्द म्हणून दाखवली. त्या भिंतीकडे बघत राहिल्या, काही बोलल्या नाहीत. केस ओले होते, गळ्यावर पाणी ओघळत होतं. ते मी पुसलं.

रविवारी मेजापाशी जाणार आहे.