रात्रीच्या आकाशाची फोटोग्राफी: कोकणात राहून यावर पोट भरेल का?

गुहागर_फोटो:
लग्न, मुंज, बारसं अशी कामं करतो. फुलफ्रेम 24 मेगापिक्सेल कॅमेरा आणि 14 एमएम एफ/2.8 लेन्स आहे. पुढे रात्रीचा समुद्र आणि आकाशगंगा हेच मुख्य काम करायचं आहे. आकाशगंगेचा गाभा, म्हणजे तिचा मधला सर्वांत उजळ भाग, समुद्रावर नेमका कधी येतो? फेब्रुवारी-मार्चमध्ये तो माडांच्या मागे, जमिनीकडेच दिसतो. लेन्सवर तासाभरात दव धरतं, त्याला काय करता? आणि यातून वर्षभराची कमाई निघते का?

सड्यावरचा:
गाभा आग्नेयेला उगवतो आणि नैर्ऋत्येला मावळतो. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे तो समुद्रावर हवा असेल तर मावळतीकडे कललेलाच पकडावा लागतो. पावसाळा सोडला तर असे दोनच मोके मिळतात. एक मेच्या उत्तरार्धात पहाटे तीन ते साडेचार, पण तेव्हा वळवाचे ढग आणि धूसर हवा असते. दुसरा ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढचे दोन-तीन आठवडे, संध्याकाळी साडेसातला पूर्ण अंधार पडल्यावर. ऑक्टोबरच्या मध्याला साडेसात वाजता गाभा क्षितिजापासून सुमारे 29 अंश वर असतो आणि तासाभरात 19 अंशांच्या आसपास येतो. पावसाने हवा धुतलेली असते, म्हणून माझं मत ऑक्टोबरला.

तारे ठिपक्यासारखे राहावेत म्हणून शटर जास्तीत जास्त किती वेळ उघडं ठेवायचं, त्याचा 500 भागिले फोकल लेंथ हा नियम तुमच्या लेन्सला 35 सेकंद देतो. 24 मेगापिक्सेलवर तेवढ्यात तारे लांबट येतात. 15 सेकंद, एफ/2.8, आयएसओ 3200 ठेवा आणि लागोपाठ 16 फ्रेम घ्या. त्या स्टॅक केल्या, म्हणजे सॉफ्टवेअरने एकावर एक जुळवून एकत्र केल्या, की नॉइज (फोटोतले दाणे) चौथ्या हिश्श्यावर येतो. त्यासाठी विंडोजवर सिक्वेटर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ फुकट जातो. कातळासाठी ट्रायपॉड न हलवता आयएसओ 800 वर चार मिनिटांची वेगळी फ्रेम घ्या. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये ठळक ताऱ्यावर, 10 पट मोठं करून, हातानेच. मग रिंगवर टेप.

भरती_ओहोटी:
वर वेळ बरोबर सांगितली आहे, पण ऑक्टोबरात अमावस्या गाठायला जाऊ नका! भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट, तितके वाजता भरती. अमावस्येला 15 ची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास पूर्ण भरती, तीही उधाणाची. साडेसातला तुम्ही खडकावर उभे राहाल तेव्हा पाणी चढत असतं, आणि डोळे आकाशाकडे असताना मागची वाट कधी बुडाली ते कळत नाही.

त्यापेक्षा वद्य अष्टमी-नवमी घ्या. भरती सहा-पावणेसातला होऊन गेलेली, पुढे पाणी उतरत जाणारं, आणि भांग, म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती, असल्यामुळे जोरही कमी. चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, तोवर तुमचं काम उरकलेलं असतं. मेच्या पहाटेला मात्र अमावस्याच बरी, कारण भरती मध्यरात्री संपून तीन वाजता पाणी ओसरत असतं. हा हिशेब ढोबळ आहे, निघण्यापूर्वी आपल्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक बघाच.

ओल्या वाळूत प्रत्येक लाटेबरोबर ट्रायपॉडचे पाय खचतात आणि फ्रेम सरकते. आधी पाय दाबून बसवा, मधला दांडा वर काढू नका. कालवं असलेल्या खडकावर स्लिपर घालून चढू नका.

आर्द्रता_नव्वद:
दव पुसून उपयोग नाही, काच हवेपेक्षा किंचित गरम राहायला हवी. यूएसबीवर चालणारी हीटर पट्टी लेन्सच्या पुढच्या काचेलगत गुंडाळा, आणि दव धरण्याआधीच चालू करा. 8 वॅटची पट्टी 10,000 एमएएचच्या पॉवर बँकेवर साधारण चार तास चालते. एसी खोलीतून निघालात तर बॅग बाहेर अर्धा-पाऊण तास बंदच ठेवा. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा, कॅमेरा ओलसर कापडाने पुसा. पावसाळ्यात लेन्स 40 ते 50 टक्के आर्द्रतेच्या ड्राय बॉक्समध्ये ठेवा. कपाटात ठेवली तर बुरशी ठरलेलीच.

अजून एक. गुहागर, वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडली कासवं अंडी घालतात. पिल्लं बाहेर पडण्याच्या दिवसांत तिथे टॉर्च लावून खडक उजळवू नका, पिल्लं प्रकाशाकडे भरकटतात.

छापील_फोटो:
कमाईचं सरळ बोलतो. जून ते सप्टेंबर ढगात जातात, उरलेल्या महिन्यांत चंद्राने उजळलेल्या रात्री वजा करा. समुद्रावरचा गाभा विकायचा म्हटलं तर हातात मोजक्याच रात्री राहतात. त्यामुळे लग्नाची कामं सोडू नका. त्याच्या जोडीला होमस्टेवाल्यांसाठी अंगणातून दिसणारं आकाश, नारळी-पोफळीवरचे स्टार ट्रेल (ताऱ्यांच्या फिरण्याच्या लांब रेषा) असे फोटो काढून द्या. त्यांना ते जाहिरातीला लागतात, आणि स्टार ट्रेलला गाभा लागत नाही, डिसेंबर-जानेवारीही चालतात. कार्यशाळेत एका वेळी पाच-सहाच जण घ्या, अंधारात प्रत्येकाचा फोकस तुम्हालाच तपासावा लागतो.

प्रिंटसाठी तुमची फाइल 300 डीपीआयला 20 बाय 13 इंच निघते, 200 ला 30 बाय 20. आपल्याकडे फ्रेम करताना माउंट (प्रिंटभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घालून काचेपासून अंतर ठेवायचंच, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो आणि गिऱ्हाईक प्रिंट परत आणतं.

गुहागर_फोटो:
अष्टमीचा विचार डोक्यातही आला नव्हता. आश्विन वद्य अष्टमी पंचांगात बघून ठेवतो. बंदरातल्या आणि होड्यांच्या दिव्यांचं काय करता?

सड्यावरचा:
नैर्ऋत्येला बंदर नसलेली जागा दिवसाच होकायंत्र लावून शोधा. होड्यांचे दिवे क्षितिजावर राहणारच. ज्या फ्रेममध्ये ते जास्त खुपतात तेवढ्या स्टॅकमधून गाळा, म्हणूनच 16 ऐवजी 25 घेतलेल्या बऱ्या.