गरोदरपणातील अर्धशिशी : तुम्ही ते दिवस कसे काढले?

प्राजक्त
गेल्या रविवारी भाचीला भेटायला पुण्याला गेले होते. तिचा तिसरा महिना सरत आला आहे. दार जावईबापूंनी उघडले आणि तोंडावर बोट ठेवून मला आत नेले. खिडकीवर जाड चादर टाकलेली होती, पंखाही बंद होता, आणि भाची न्हाणीघराच्या उंबऱ्याशी बसून थंड फरशीला उजवे कानशील टेकवून होती. मी तिच्या शेजारी बसले आणि 2009 सालचा नाशिकचा मे महिना डोळ्यांपुढे उभा राहिला. मीही अशीच बसत असे. पितळी तांब्यात माठातले पाणी भरून तो भुवईवर दाबून धरायचा आणि तांब्या कोमट झाला की बाजू फिरवायची, असे दुपारी चार वाजेपर्यंत चालत असे.

मला अर्धशिशी अठराव्या वर्षापासून होती. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी एक गोळी मी सहा वर्षे घेत होते. तिच्यात अर्गोटामिन असते, हे मला ठाऊक नव्हते. पाळी चुकल्यावरही, दिवस राहिले आहेत हे कळण्याआधी, मी ती दोनदा घेतली. पुढे डॉक्टरांनी पाकीट हातात घेऊन वाचले आणि सांगितले की हे औषध रक्तवाहिन्या आणि गर्भाशय आकुंचित करते, म्हणून गरोदर स्त्रीने ते मुळीच घ्यायचे नसते. त्यानंतर पाचव्या महिन्याची सोनोग्राफी होईपर्यंत मी एक रात्रही शांत झोपले नाही. मुलगी सुखरूप जन्मली, यंदा अकरावीत आहे. पण ती धास्ती अजून अंगावर येते.

पहिले तीन महिने मला आठवड्यातून दोन-तीन वेळा ठणका लागत असे. पॅरासिटामॉल तेवढे चालत होते, तेही दुखणे चढण्याआधी घेतले तरच पोटात टिके. पाचव्या महिन्यात मात्र डोके जे थांबले ते बाळंतपणापर्यंत. इस्ट्रोजेनची पातळी खाली-वर होणे थांबते, म्हणून पुष्कळ जणींना असा आराम पडतो, असे डॉक्टर म्हणाले. प्रसूतीनंतर ती पातळी एकदम उतरते, आणि चौथ्या दिवशी अर्धशिशी परत आली. भाचीला हे सारे सांगितले, पण एकटीचा अनुभव किती पुरणार? तुम्ही कसे निभावले, ते कृपया लिहा.

निशिगंध
माझ्या बाबतीत नेमके उलटे झाले. आधी साधी अर्धशिशी होती आणि सहाव्या महिन्यात डोळ्यांपुढचा प्रकाश सुरू झाला. मी शाळेत फळ्यावर लिहीत होते. 'पावसाळा' लिहिले आणि मला 'पाव' एवढेच दिसू लागले. उरलेल्या अक्षरांच्या जागी करवतीच्या दात्यांसारखी चकाकणारी रेघ हलत होती आणि हळूहळू बाजूला पसरत होती. वीसेक मिनिटांनी रेघ विरली आणि मग डावी बाजू ठणकू लागली. मुलांना मी चित्रे काढायला सांगून खुर्चीत बसून राहिले.

गरोदरपणात असे पहिल्यांदाच घडले, तर ते अर्धशिशीचे आहे असे गृहीत धरू नये, ही गोष्ट आमच्या डॉक्टरांनी अतिशय गांभीर्याने घेतली. रक्तदाब 110/70 होता आणि लघवीत प्रथिने नव्हती, तरीही त्यांनी मला मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. तिथे शिरेतून रंगद्रव्य न देता एमआरआय झाला. तो स्वच्छ आला आणि मगच त्या रेघेला 'ऑरा', म्हणजे अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे दिसणारा आभास, हे नाव मिळाले. नाव मिळाल्यावर भीती निम्म्याने उतरली. पुढे रेघ दिसली की मी वेळ लिहून ठेवत असे.

आजी_मिरजेच्या
प्राजक्तताई, तांब्याचे वाचून डोळे भरून आले. आमच्या वेळी सुंठ सहाणेवर उगाळून कपाळावर लेप देत असत. लेप वाळू लागला की कातडी ओढली जाते आणि ठणक्याकडचे लक्ष थोडे त्या ओढीकडे जाते. मला त्याने बरे वाटत असे. त्याशिवाय सासूबाई सूर्योदयापूर्वी उठवून दूध-जिलेबी खायला देत.

सोनचाफा
आजी, दूध-जिलेबी आमच्याकडे सोलापुरातही देतात! आयुर्वेदात सूर्यावर्त नावाचा डोकेदुखीचा प्रकार सांगितला आहे. ती सूर्याबरोबर चढते आणि दुपारनंतर उतरते. कदाचित म्हणूनच उपाय सूर्योदयापूर्वीचा असावा. आजी, लेपात वेखंडही उगाळत होतात का?

आजी_मिरजेच्या
हो, पण गरोदर बाईला नाही. तिला फक्त सुंठ, आणि तीही बाहेरून. वैद्यांनी तसे बजावले होते.

लीड्सची_माहेरवाशीण
जिलेबीचा गुण असेल तर तो पहाटे पोट रिकामे न राहण्यात असावा, असे मला वाटते, कारण माझे अर्धे दुखणे उपाशीपणाचे होते. उरलेले अर्धे चहाचे. गरोदर असल्याचे कळले त्याच दिवशी मी दिवसाचे सहा कप चहा एकदम बंद केले, आणि दुसऱ्या दिवसापासून सलग चार दिवस डोके असे दुखले की भारताचे तिकीट काढण्याचा विचार मनात आला. इथल्या सुईणीने, म्हणजे मिडवाइफने, शांतपणे विचारले, "तुम्ही काय सोडलेत?" तिने समजावले की दिवसाला 200 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालते, तेव्हा एकदम तोडण्यापेक्षा हळूहळू कमी करावे. दोन कपांवर आले आणि तो ठणका गेला. ज्यांना डोहाळ्यांमुळे चहाचा वास सहन होत नाही, त्यांचाही चहा असाच एकाएकी सुटतो, हे कुणी लक्षात घेत नाही.

कोथरूडकर
मी पती या नात्याने लिहितो आहे, चालेल ना? पत्नीला पाचवा महिना असताना गणेशोत्सव आला. आमच्या चौकात मांडव होता आणि ढोलताशांचा सराव त्याआधी महिनाभर चालू होता. कार्यकर्ते शेजारचेच. मी जाऊन विनंती केली, त्यांनी दोन दिवस आवाज कमी ठेवला, पण मिरवणुकीच्या दिवशी तेही शक्य नव्हते. शेवटी दहा दिवस तिला माझ्या बहिणीकडे ठेवले.

या काळात मी एक वही घातली. झोप, जेवणाच्या वेळा, ऊन, वास आणि ठणका एवढेच तीत लिहीत असे. तीन आठवड्यांनी दिसले की दुपारचे जेवण आणि पुढचे खाणे यांत पाच तासांहून अधिक अंतर पडले, त्या बहुतेक दिवशी डोके दुखले होते. त्यानंतर तिच्या पर्समध्ये राजगिऱ्याची वडी आणि फुटाणे ठेवू लागलो. मोहरीच्या फोडणीचा वास तिला सहन होत नव्हता, म्हणून स्वयंपाक मी पहाटे, ती झोपलेली असताना, दार लावून उरकत असे. चतुर्थीचा उपवास तिने सोडावा, हे माझ्या आईला पटायला मात्र त्या वहीची पाने दाखवावी लागली.

सोनचाफा
दादा, तुमच्या आईंनी वही वाचली, हे फार मोठे आहे. माझ्या घरी हरतालिकेचा निर्जळी उपवास मी चौथ्या महिन्यात केला आणि संध्याकाळी मला सलाईन लावावे लागले.

रातराणी_लातूर
मी प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. एक प्रसंग सांगते, जरा सविस्तर सांगते, कारण तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आमच्या भागातली एक बाई, आठवा महिना. तिला लग्नाआधीपासून अर्धशिशी होती आणि घरात सर्वांना ती माहीत होती. तीन दिवस तिचे डोके दुखत होते आणि घरचे म्हणत होते, तिचे नेहमीचेच आहे, अंधारात झोपली की उतरेल. आशाताई लसीकरणाच्या निमित्ताने त्या घरी गेल्या, तेव्हा ती बाई त्यांना एवढेच म्हणाली, "ताई, हे माझं दुखणं नाही." नेहमी तिची उजवी बाजू ठणकत असे, या वेळी सगळे डोके दुखत होते, डोळ्यांपुढे धूसर येत होते आणि बरगड्यांखाली उजवीकडे दुखत होते. आशाताईंनी तिला तशीच रिक्षात घातली आणि केंद्रात आणली. रक्तदाब 160/110 होता. लघवीतली प्रथिने तपासायची पट्टी बुडवली तर रंग गडद झाला, म्हणजे प्रथिने खूप जात होती. आमच्या डॉक्टरांनी झटका टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन दिले आणि 108 च्या गाडीतून तिला जिल्हा रुग्णालयात पाठवले. गाडीत मी तिच्याबरोबर होते. सगळ्या रस्त्याभर तिला झटका येऊ नये एवढेच मी मनात म्हणत होते. त्याच रात्री सिझेरियन झाले आणि आई व मूल दोघेही वाचले.

विसाव्या आठवड्यानंतर डोकेदुखीची तऱ्हा बदलली, ती एकाएकी कडाडली, किंवा तिच्यासोबत दृष्टी धूसर होणे, चेहऱ्यावर सूज, पोटात वरच्या भागी दुखणे, हातापायातली शक्ती जाणे असे काही आले, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या. 140/90 किंवा त्याहून जास्त म्हणजे धोका, हा आकडा पाठ करा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते, पण अशा दुखण्यासाठी 9 तारखेची वाट पाहू नका. आणि बाळंतपणानंतरही सावध राहा. आमच्याकडे अजून काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात. त्या दिवसांत रक्त मुळातच लवकर गोठण्याकडे झुकलेले असते, त्यात शरीर कोरडे पडले तर मेंदूच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि त्याचीही सुरुवात डोकेदुखीनेच होऊ शकते.

निशिगंध
"हे माझं दुखणं नाही" हे वाक्य मी भावजयीला आत्ताच फोन करून सांगितले. तिला सातवा आहे.

बकुळ
परिचारिकाताईंच्या अनुभवाला जोडून लिहिते. सिझेरियननंतर दुसऱ्या दिवशी बाळाला पाजायला उठून बसले की मानेपासून कपाळापर्यंत असह्य कळ येत असे आणि आडवी झाले की पाच-दहा मिनिटांत ती ओसरत असे. मला जुनी अर्धशिशी असल्याने सर्वांनी, मीसुद्धा, तेच समजून घेतले. दोन दिवस बाळाला मी कुशीवर पडूनच पाजले. भूलतज्ज्ञ सहज चौकशीला आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "झोपल्यावर थांबते का?" पाठीत दिलेल्या भुलेच्या सुईच्या छिद्रातून मणक्यातला द्रव पाझरत होता. भरपूर पाणी, कॉफी आणि विश्रांती यांनी भागले नाही, तेव्हा माझेच थोडे रक्त काढून पाठीत त्या जागी सोडले. तासाभरात मी उठून बसले. बाळाचा चेहरा उजेडात नीट पाहिला तो त्या दिवशी.

मोगरा_ठाणे
लोकलमधून उतरता उतरता लिहीत आहे. मी बँकेत रोखपाल आहे. काउंटरवरची ट्यूबलाइट लुकलुकत असे आणि तिसऱ्या महिन्यात मला दोनदा तिथेच उलटी झाली. वरिष्ठांना सांगितले तर उत्तर आले की डोकेदुखी कुणाला होत नाही. तेव्हाच्या मातृत्व लाभ कायद्यात, 2017 च्या दुरुस्तीनुसार, 26 आठवडे रजा मिळत असे, पण त्यांतले प्रसूतीपूर्वी जास्तीत जास्त आठच आठवडे घेता येत, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात ती उपयोगी नव्हती. पुढे एका ज्येष्ठ सहकारी ताईंनी सांगितले की त्याच कायद्याच्या दहाव्या कलमात गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी एक महिन्यापर्यंत वेगळी पगारी रजा होती. त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागले. मी अर्ज केला आणि अकरा दिवस मिळाले. अशी रजा असते, हे आपल्या मुलींना माहीत असू द्या.

प्राजक्त
सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीने आपले पाकीट तपासले. तिच्याकडे अर्धशिशी येऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी होती, व्हॅल्प्रोएटची. ती डॉक्टरांनी दिवस राहण्याआधीच बंद केली होती, हे कळून माझा जीव भांड्यात पडला, कारण त्या औषधाने गर्भाच्या मज्जारज्जूत दोष राहू शकतो. कोथरूडकरदादा, वही आजपासून सुरू केली आहे.

अबोली
मी हे वाचत नाही आहे, पती हळू आवाजात वाचून दाखवत आहेत आणि तेच लिहीत आहेत. कालपासून डोके दुखते आहे. अंधारात पडले आहे. नेहमी डावीकडे असते, आज दोन्हीकडे आहे. बाविसावा आठवडा. उद्या सकाळी तपासणी ठरलेली आहे.

रातराणी_लातूर
अबोलीताई, उद्यापर्यंत थांबू नका. जवळ जे रुग्णालय असेल तिथे आत्ता जा आणि रक्तदाब मोजून घ्या. दादा, तुम्ही माता-बाल कार्ड बरोबर घ्या आणि आल्यावर इथे दोन शब्द लिहा. मी जागी आहे.

अबोली
परत आलो. रक्तदाब 118/76, लघवी स्वच्छ. अर्धशिशीच आहे, पण कालपासून काही खाल्लेले नव्हते म्हणून ती वाढली, असे म्हणाले. एक सलाईन आणि उलटीचे इंजेक्शन दिले. आत्ता तिने वाटीभर मऊ भात खाल्ला आहे आणि झोपली आहे. दिवा बंद करतो.