मदत हवी आहे: 'व्हील ऑफ टाइम'चा शेवटचा भाग नाशकात कुणाकडे आहे का?

नमस्कार मंडळी, 'व्हील ऑफ टाइम' या इंग्रजी फँटसी कादंबऱ्यांच्या सिरीजचा 'अ मेमरी ऑफ लाइट' म्हणजे चौदावा आणि शेवटचा भाग वाचायला हवाय, विकत नाही मिळाला तरी उसना चालेल, मी इंदिरानगरला राहतो, कॉलेज रोड किंवा सीबीएसपर्यंत येऊन घेऊन जाईन. एका दुकानात ऑर्डर दिली तर त्यांनी पहिलाच भाग मागवून दिला, वर म्हणे सिरीज तीच आहे ना साहेब! आता काय बोलणार.

दुसरं असं, की माझा तेरावा भाग अर्धाच झालाय. मूळ लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेले आणि त्यांच्या नोट्सवरून ब्रँडन सँडरसनने शेवट लिहिला, एका पुस्तकाची तीन झाली, हे माहितीये. पण तेराव्यात पेरिन या पात्राचं सगळं काळाच्या हिशोबाने बाराव्याच्या मागे चाललंय, नायक रँडचा बाप तॅम एका पुस्तकात इकडे तर दुसऱ्यात तिकडे, डोक्याचा पार भुगा झालाय राव. हे पूर्ण केल्याशिवाय चौदाव्याला हात लावला तर चालेल का? त्यात म्हणे लास्ट बॅटलचं एकच चॅप्टर दीडशे पानांच्या वर आहे, तिथे कोण कुठल्या आघाडीवर लढतोय हे कळण्यापुरतं तरी आठवायला पाहिजे.

ज्यांनी वाचलंय त्यांनी प्लीज सांगा, फक्त रँडचं काय होतं ते कमेंटमध्ये टाकू नका. आणि पेपरबॅक असेल तर बरं, हार्डकव्हर झोपून वाचताना नाकावर पडतं.