कोरलच्या टाकीतला लाल थर: गोळी टाकायच्या आधी टॉप-अपचं पाणी बघा

खाऱ्या पाण्याच्या कोरल टाकीत लाल थर आला की एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची गोळी टाका असा सल्ला मिळतो, ते काही खोटं नाही, तो लाल-मरून चिकट थर शेवाळ नाहीच मुळात, सायनोबॅक्टेरिया म्हणजे जिवाणू आहेत, म्हणून तर अँटिबायोटिकने मरतो. पण मेलेला थर टाकीतच सडतो आणि ऑक्सिजन खाली येतो, त्यात जळगाव-भुसावळचा मे महिना, गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी मावतो. म्हणून आधी बारीक नळीने थर ओढून घ्या, गोळी शेवटी.

कोणी टॉप-अपच्या पाण्याबद्दल बोललंच नाही भो. आपल्याकडं पंखा लावून टाकी थंड ठेवायची म्हणजे पाणी धडाधड उडतं, मीठ मागं राहतं, आणि आपण रोज वरून पाणी ओततो. ते घरच्या आरओचं असेल तर आत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर नावाचा छोटा स्क्रू असतो, तो चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळतो. म्हणजे अशा थरांचं खाद्य असलेलं बोअरचं नायट्रेट अन सिलिकेट थेट कोरलच्या टाकीत! मी तो स्क्रू पूर्ण बंद केला, पुढं डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे) जोडलं, तेव्हा कुठं वाळूवरचा तपकिरी थर यायचा थांबला. फक्त टीडीएस मीटर शून्य दाखवतोय म्हणून निर्धास्त राहू नका, सिलिकेट त्यात नीट दिसत नाही आणि रेझिन संपत आलं की आधी तेच सुटतं. आणि हो, नायट्रेट-फॉस्फेट एकदम शून्यावरही नेऊ नका, मग डायनो (डायनोफ्लॅजेलेट, एकपेशीय सूक्ष्मजीव) येतात, ते सायनोपेक्षा बेकार.