‘बायोकॉम्पॅटिबल’ द्रावणाला ‘मानवणारं’ म्हणावं का?

रामबागवाली
सासूबाईंचं पोटाचं डायलिसिस घरीच चालतं, म्हणजे रक्त साफ करायला पिशवीतलं पाणी पोटात सोडायचं आणि काही तासांनी बाहेर काढायचं. दवाखान्यातून मिळालेलं माहितीपत्रक हिंदीत आहे. त्या हिंदी धडाधड बोलतात, पण वाचायला मराठीच हवं. त्यांच्यासाठी एक पान मराठीत उतरवतेय आणि दोन शब्दांवर अडलेय. पत्रकात ‘विलयन’, सिस्टरच्या तोंडी ‘घोल’. मी ‘घोळ’ लिहिलं तर सासूबाई पिशवीला हात लावणार नाहीत! दुसरा शब्द ‘बायोकॉम्पॅटिबल’. ‘जैव-अनुकूल’ म्हटलं तर त्यांना वाटेल सेंद्रिय गुळाबद्दल चाललंय. काय लिहू?

द्रावक
पहिल्याचं उत्तर सोपं: द्रावण. मराठी शाळेत हेच शिकवायचे. ‘विलय’ म्हटलं की आमच्या पिढीच्या इंदूरकराला १९४८ साली मध्य भारतात गेलेलं होळकर संस्थान आठवतं. आणि ‘पोटात पाणी’ हा प्रयोग कृपया टाळा. मराठीत ‘पोटात पाणी झालं’ म्हणजे जलोदर. ‘द्रावण आत सोडणं’, ‘बाहेर काढणं’ असं लिहा.

पिशवीवरच्या आकड्यांकडेही बघा. काही लेबलांवर डेक्स्ट्रोज १.५, २.५, ४.२५ टक्के असतं, तर काहींवर ग्लुकोज १.३६, २.२७, ३.८६. द्रावणं तीच. पहिल्या मोजणीत साखरेच्या स्फटिकातलं पाणी धरलेलं असतं, दुसऱ्यात निर्जल साखर मोजतात. ‘निर्जल’ हा शब्द पानावर नको, पण दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा. कंपनी बदलली तरी धसका बसणार नाही.

सराफ्यात_भेटू
बायोकॉम्पॅटिबलला मराठीत क्रियापद तयार आहे की! मानवणं. दूध मानवत नाही, माळव्याची हवा मानवली. तसंच ‘शरीराला मानवणारं द्रावण’. कोशातले जडजंबाल शब्द हवेत कशाला?

नळी_आणि_पिशवी
मी डायलिसिस युनिटमध्येच असते. शब्द गोड आहे, पण इथे फसवा. त्रास झाला नाही की आपण ‘मानवलं’ म्हणतो. या द्रावणाचं तसं नाही.

नेहमीच्या द्रावणात लिटरमागे सोडियम १३२ मिलिमोलच्या आसपास, कॅल्शियम १.२५ किंवा १.७५, जरासं मॅग्नेशियम, क्लोराइड आणि लॅक्टेट ३५ ते ४० असतं. पोटॅशियम मुळीच नाही, कारण ते रक्तातून काढायचंच असतं. लॅक्टेटचं शरीरात, मुख्यतः यकृतात, बायकार्बोनेट होतं आणि ते रक्तातली आम्लता आवरतं. थेट बायकार्बोनेट का नाही घालत? एकाच पिशवीत कॅल्शियमबरोबर साठवलं तर साका बसतो.

खरी गोम ग्लुकोजमध्ये आहे. तेच जादाचं पाणी रक्तातून ओढून आणतं, आणि बिघडतंही तेच. उष्णतेने निर्जंतुक करताना पाक करपावा तसं त्याचं विघटन होतं. ते कमी व्हावं म्हणून द्रावण आम्लधर्मी ठेवतात, पीएच साधारण ५.५. तरीही मिथिलग्लायॉक्झलसारखे पदार्थ थोडेफार तयार होतातच.

आता आम्लतेमुळे काहींना द्रावण आत जाताना पोटात चुरचुरतं. तिथे ‘मानवत नाही’ चालेल. पण ते विघटनातले पदार्थ आणि एवढी साखर उदरावरणावर, म्हणजे पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर, वर्षानुवर्षं परिणाम करत राहतात. पडदा जाड होतो, त्यात नव्या रक्तवाहिन्या वाढतात, ग्लुकोज भराभर रक्तात शोषलं जातं आणि पाणी निघणं कमी होतं. तोवर पेशंट सांगत असतो, ‘मला काही त्रास नाही.’ खोटं नसतं ते. त्याला मानवलेलं असतं, उदरावरणाला नाही.

म्हणून दोन कप्प्यांच्या पिशव्या निघाल्या. एका कप्प्यात ग्लुकोज, अगदी आम्ल ठेवलेलं. दुसऱ्यात लॅक्टेट, बायकार्बोनेट किंवा दोन्ही. वापरायच्या आधी मधला जोड उघडून मिसळायचं, की पीएच सातच्या आसपास येतो. ‘बायोकॉम्पॅटिबल’ म्हणून येतात त्या बहुतेक याच. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि सिंगापूरमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली आले. उरलेलं मूत्रपिंडाचं काम घटण्याच्या वेगात ठळक फरक दिसला नाही, पण लघवी पूर्ण बंद व्हायला जास्त काळ लागला. म्हणजे शब्द जेवढा भारदस्त, तेवढी हमी नाही.

द्रावक
मग ‘जैवसुसंगत’च ठेवा. ‘सुसंगत’ला ‘कशाशी?’ हा प्रश्न चिकटलेलाच असतो, हा त्याचा गुण. लिहा: ‘उदरावरणाच्या पेशींशी अधिक सुसंगत’. ‘अधिक’ गाळू नका. ‘पर्यावरणस्नेही’च्या धर्तीवर कुणी ‘उदरस्नेही’ सुचवण्याआधी हे सांगून ठेवतो.

सराफ्यात_भेटू
सुचवणारच होतो, काका.

रामबागवाली
😄 ‘अधिक सुसंगत’ पक्कं. आणखी एक, त्यांच्या रात्रीच्या पिशवीवर ७.५ टक्के लिहिलंय. सगळ्यात कडक साखर ना?

नळी_आणि_पिशवी
नाही ताई! ते आयकोडेक्स्ट्रिन असणार, नाव वाचून बघा. स्टार्चपासून केलेले मोठे रेणू, म्हणून आकडा मोठा दिसतो. परासरणाची ताकद जवळजवळ रक्ताइतकीच. ते सावकाश शोषलं जातं, म्हणून पोटात आठ-दहा तास ठेवायला चालतं. ‘कडक’ शब्द ४.२५ लाच ठेवा.

आणि पानावर हे ठळक लिहा: आयकोडेक्स्ट्रिनपासून रक्तात माल्टोज होतं, आणि ग्लुकोमीटरच्या काही पट्ट्या तेही साखर म्हणून मोजतात. खरी साखर कमी असताना आकडा जास्त दिसतो, आणि त्यावर इन्सुलिन दिलं तर जिवावर बेतू शकतं. सासूबाईंना मधुमेह असेल तर पट्ट्यांची डबी पुढच्या भेटीला बरोबर घेऊन या.