४५ अंशाचा जोड उघडा राहतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नऱ्ह्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे, ॲल्युमिनियमच्या खिडक्या करतो. दिवाळीपासून यूपीव्हीसीही (खिडक्यांचं कडक प्लास्टिक) घेतलं. वेल्डिंगमध्ये दोन्ही टोकं मिळून साधारण ६ मिमी जळतं, ते धरूनच कापतो. तिथे तक्रार नाही. घोळ ॲल्युमिनियमचा. ४५ चा कट मारून फ्रेम जुळवली की कोपऱ्यात आतल्या बाजूने फट, हॅक्सॉचं पातं आरामात जातं! गुण्या लावून मशीन तीनदा सेट केलं. सकाळी बरोबर, दुपारी परत तेच. ॲल्युमिनियम आणि यूपीव्हीसी दोन्हीला पातं एकच, १२ इंची. दातांवर ॲल्युमिनियम चिकटलेलं दिसतं. (भाऊ म्हणतो सिलिकॉन भर. नाही भरणार.) पातं वेगळं घ्यावं, की क्लॅम्पमध्ये प्रोफाइल (फ्रेमची पट्टी) हलतंय? पुण्यात ॲल्युमिनियमच्या पात्याला चांगली धार कुठे लावून मिळेल?